गाडीचं अर्थिंग: विजेची परतीची वाट



आजचा विषय छोटा आहे. एक बोल्ट, एक वायर आणि रुपयाच्या नाण्याएवढी उघड्या पत्र्याची जागा. पण जुन्या मोटारीत विजेच्या म्हणून ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बऱ्याचशा शोधत शोधत या जागेपर्यंत येतात. सेल्फ ओढत नाही. हेडलाइट पिवळे दिसतात. इंडिकेटर दिला की मागचा ब्रेकलाइटही लुकलुकतो. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा पहिला निकाल बॅटरीविरुद्ध लागतो. इकडे दिल्लीत त्याचं ठरलेलं वाक्य आहे, "साहब, बैटरी बैठ गई." बॅटरी बदलली जाते, काही दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच सुरू होतं.

मला आज एवढंच सांगायचं आहे: बॅटरी, स्टार्टर किंवा अल्टरनेटर यांच्यावर पैसे घालण्याआधी वीस मिनिटं काढा, एक साधा मल्टिमीटर घ्या आणि गाडीचं अर्थिंग तपासा. ते कसं तपासायचं, आणि खराब निघालं तर जोड पक्का कसा करायचा, हे दोन्ही सांगतो. हत्यारं फार लागत नाहीत. लक्ष मात्र लागतं.

आधी शब्द नीट समजून घेऊ. घराच्या वायरिंगमध्ये अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेली पट्टी किंवा पाइप. ते सुरक्षेसाठी असतं. सगळं ठीक चाललं असेल तर त्यातून प्रवाह जात नाही. मोटारीचं अर्थिंग जमिनीत जात नाही, गाडी तर चार रबरी टायरांवर उभी असते. इथे अर्थ म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वाट. प्लसमधून निघालेला प्रवाह बल्बमधून, हॉर्नमधून, स्टार्टरमधून जातो आणि त्याला मायनसला परत यावंच लागतं. प्रत्येक दिव्याला दोन लांब वायरी देण्याऐवजी मोटारी बनवणाऱ्यांनी फार पूर्वीच एक वायर वाचवली आणि परतीसाठी गाडीचा लोखंडी सांगाडा वापरला. म्हणून मेकॅनिक त्याला 'बॉडी अर्थ' म्हणतात. जाणारी वाट कितीही चांगली असली तरी परतीची वाट अडली की काम अडलं.

जुन्या ब्रिटिश घडणीच्या अनेक गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असे. आता सगळीकडे मायनसच बॉडीला असतो. कुणी हौसेने जुनी गाडी जपली असेल, तर आधी तिची जोडणी कोणत्या पद्धतीची आहे ते पाहा. मी पुढे जे सांगतो आहे ते मायनस बॉडीला असलेल्या बारा व्होल्टच्या गाडीबद्दल आहे.

बॉनेट उघडलंत की बॅटरीच्या मायनसवरून साधारणपणे दोन वाटा निघालेल्या दिसतात. एक जाड केबल इंजिनला किंवा गिअरबॉक्सला जाते, कारण सगळ्यांत जास्त प्रवाह घेणारा स्टार्टर तिथे बसलेला असतो. दुसरी, थोडी बारीक, शेजारच्या पत्र्याला जाते. दिवे, हॉर्न, पंखा, वायपर यांचा प्रवाह तिच्यातून परत येतो. शिवाय अनेक गाड्यांत इंजिन आणि बॉडी यांना जोडणारा, विणलेल्या तांब्याचा चपटा पट्टा असतो. तो लागतो, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर ठेवलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. काही गाड्यांत मायनसची जाड केबल फक्त बॉडीला येते आणि तिथून पुढे इंजिनपर्यंतची सगळी भिस्त या पट्ट्यावरच असते.

हा पट्टा तुटला किंवा गंजला की प्रवाह दुसरी वाट शोधतो. कधी ती वाट क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या लोखंडी केबलमधून जाते. सेल्फ मारताना अशी केबल गरम होत असेल, किंवा तिचं आतलं आवरण वितळून ती अडकायला लागली असेल, तर नुसती केबल बदलू नका. आधी पट्टा पाहा.

आता थोडं गणित करू. शाळेतलंच आहे: अँपिअर गुणिले ओहम म्हणजे व्होल्ट. समजा, अर्थच्या एका जोडात गंज बसला आणि तिथे एका ओहमचा शंभरावा भाग एवढा रोध तयार झाला. आकडा अगदी क्षुल्लक वाटतो. साठ वॉटचे दोन हेडलाइट मिळून साधारण दहा अँपिअर घेतात. दहा गुणिले शंभरावा भाग, म्हणजे ०.१ व्होल्ट. डोळ्यांना काहीच फरक कळणार नाही. आता सेल्फ मारा. पेट्रोलवरच्या छोट्या गाडीचा स्टार्टरही सहज दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलचा आणखी जास्त. दीडशे गुणिले तोच शंभरावा भाग, म्हणजे १.५ व्होल्ट. बारातला दीड व्होल्ट त्या एका बोल्टने खाल्ला. शिवाय त्या जोडात सव्वादोनशे वॉटची उष्णता तयार झाली. त्या उष्णतेने जोड आणखी काळा पडतो, रोध आणखी वाढतो.

या गणितातून दोन गोष्टी कळतात. पहिली, "हेडलाइट तर झकास लागतात, म्हणजे अर्थ ठीक आहे," हे म्हणणं बरोबर नाही. दिवे आणि स्टार्टर यांच्या भुकेत पंधरा पटींचा फरक आहे. दुसरी, मीटर ओहमवर ठेवून किंवा त्याची 'बीप' ऐकून हा दोष सापडत नाही. साध्या मीटरच्या दोन वायरींचाच रोध ०.२ ओहमच्या आसपास असतो. आपण शोधतो आहोत त्याच्या वीस पट. शिवाय जाड केबलचे सगळे तंतू तुटून एकच उरला, तरी मीटर आनंदाने बीप देईल. नळ बंद असताना पाइपात किती कचरा साठला आहे ते कळत नाही. नळ पूर्ण सोडला की धार सांगते. म्हणून अर्थ नेहमी प्रवाह वाहत असताना तपासायचा, आणि ओहम न मोजता व्होल्ट मोजायचे. याला व्होल्टेज ड्रॉप टेस्ट म्हणतात.

दिव्यांच्या बाबतीत नुकसान वेगळ्या तऱ्हेने होतं. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं, तर उजेड दहा टक्क्यांनी कमी होत नाही. तो साधारण तीस टक्क्यांनी उतरतो. मागच्या दिव्यांचा अर्थ बऱ्याचदा एकाच बारीक वायरीने, डिकीजवळच्या एका बोल्टवर आलेला असतो. तो बोल्ट गंजला की ब्रेकलाइटचा प्रवाह शेजारच्या टेललॅम्पच्या किंवा इंडिकेटरच्या फिलामेंटमधून वाट काढतो. मग ब्रेक दाबला की भलताच दिवा मंद लुकलुकतो.

उत्तर भारतातल्या हिवाळ्यात हा गमतीचा विषय राहत नाही. ग्रेटर नोएडा ते आग्रा हा १६५ किलोमीटरचा यमुना एक्स्प्रेसवे बघा. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात एकामागोमाग गाड्या आदळल्याच्या बातम्या तिथून अनेक वर्षं येत आहेत. धुक्यात मागच्या चालकाला तुमची गाडी दिसत नाही, तुमचे दोन लाल दिवे दिसतात. ते किती दुरून दिसतात, यावर त्याला ब्रेक मारायला मिळणारी सेकंदं ठरतात. आतल्या काट्यांकडे पाहून मागचे दिवे मंद झाले आहेत हे कळत नाही. गाडीच्या मागे जाऊन उभं राहावं लागतं.

थंडीचा दुसरा परिणाम बॅटरीवर होतो. तापमान शून्याजवळ गेलं की बॅटरीची सेल्फ फिरवण्याची ताकद उन्हाळ्याच्या मानाने साधारण दोन-तृतीयांशावर येते. त्याच वेळी इंजिनातलं तेल घट्ट झालेलं असतं, म्हणून स्टार्टरला जोर जास्त लागतो. दिल्लीत जानेवारीच्या पहाटे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. मे महिन्यात दीड व्होल्ट खाऊनही निभावलेला अर्थ जानेवारीत नेमका उघडा पडतो. लडाखसारख्या भागात, जिथे पारा शून्याच्या खूप खाली जातो, तिथे तर केबल आणि जोड आधीच तपासलेले बरे. तिथे दहा मिनिटांत दुसरी गाडी बोलावता येत नाही.

आता, जोड खराब का होतात? कारणं गावागावाप्रमाणे बदलतात. मुंबई, रत्नागिरी, गोवा इथे खारी हवा आहे. तांब्याचा लग, लोखंडी पत्रा आणि मिठाचं पाणी एकत्र आले की लोखंड झपाट्याने गंजतं. इकडे एनसीआरमध्ये समुद्र नाही, पण इतर कारणं भरपूर आहेत.

एक म्हणजे पाणी. जुलै २०२३ मध्ये दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला. त्याच महिन्यात हिंडन नदीच्या पुरात ग्रेटर नोएडाजवळ उभ्या केलेल्या शेकडो मोटारी छतापर्यंत बुडाल्याची छायाचित्रं देशभर पाहिली गेली. एवढा मोठा पूर नसला तरी रस्त्यावरच्या गुडघाभर पाण्यातून गाडी काढली, की ते दारांच्या खालून आत शिरतं आणि गालिच्याखाली साठतं. अनेक गाड्यांचे अर्थचे बोल्ट नेमके तिथेच, दाराच्या उंबऱ्याजवळ असतात. वरून गालिचा वाळतो, खालचा फोम महिनोन् महिने ओला राहतो.

दुसरं कारण डेंटिंग-पेंटिंग. कारखान्यात बॉडीवर गंजरोधक थर, प्रायमर आणि रंग असे अनेक थर चढवतात, पण अर्थच्या जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात. अपघातानंतर स्थानिक गॅरेजमध्ये पुढचा भाग रंगवताना कुणी त्या जागा झाकत नाही. मग रंगावरच लग ठेवून बोल्ट आवळला जातो. रंग हा उत्तम इन्सुलेटर आहे. प्रवाह जातो तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून, तोही कसाबसा.

तिसरं कारण बाहेरून बसवलेल्या गोष्टी. सीएनजी किट, जास्तीचे दिवे, मोठा हॉर्न, ॲम्प्लिफायर. प्रत्येकाची काळी वायर हाताला लागेल त्या स्क्रूखाली दाबलेली असते.

आमच्या द्वारकेतल्या सोसायटीत एका गृहस्थांच्या पेट्रोल गाडीचं उदाहरण सांगतो, म्हणजे आकडे डोळ्यांसमोर येतील. सहा महिन्यांत बॅटरी नवी झाली होती, स्टार्टर उघडून दुरुस्त झाला होता, तरी सकाळी सेल्फ कण्हत होता. मीटर लावला तेव्हा सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खांबांमध्ये १०.८ व्होल्ट होते. म्हणजे बॅटरी ठणठणीत. स्टार्टरवर मात्र ९.२ पोहोचत होते. गेलेल्या १.६ मधले १.४ व्होल्ट मायनसच्या बाजूला, बॉडी आणि लग यांच्यामधल्या एका जोडात जात होते. वर्षभरापूर्वी पुढच्या बाजूचं पेंटिंग झालं होतं आणि लग रंगावर बसला होता. पॉलिश पेपरचा एक तुकडा आणि पाव तास, एवढ्यात काम झालं.

पण मग नवी बॅटरी टाकल्यावर काही दिवस बरं का वाटतं? त्याचं कारण सरळ आहे. अल्टरनेटरही इंजिनवरच बसलेला असतो. बॅटरी चार्ज करणारा प्रवाह याच अर्थवरून फेरा पूर्ण करतो. अल्टरनेटर १४ व्होल्टच्या पुढे देत असला, तरी वाटेत अर्धा-पाऊण व्होल्ट गळला तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. सतत अर्धी भरलेली बॅटरी आतून सल्फेट धरते आणि लवकर मरते. नवी बॅटरी दुकानातून पूर्ण भरून येते, म्हणून काही दिवस दोष झाकला जातो. म्हणजे गॅरेजवाला "बैटरी बैठ गई" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. बॅटरी खरंच बसलेली असते. तिला कशाने बसवलं हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

आता प्रत्यक्ष तपासणी. आधी हातातलं घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. गाडी रात्रभर उभी असेल तर बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. त्याहून बरेच कमी असतील तर आधी चार्ज करा, कारण अर्धमेल्या बॅटरीवर केलेल्या चाचणीला किंमत नाही.

मग इंजिन सुरू होणार नाही अशी तजवीज करा. बहुतेक गाड्यांत फ्यूएल पंपाचा फ्यूज काढला की पुरतं. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, गाडीसमोर कुणी उभं नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी दांडी बॅटरीच्या मायनस खांबावर टेकवा. क्लॅम्पवर टेकवू नका, थेट शिशाच्या खांबावर. लाल दांडी इंजिनाच्या उघड्या, स्वच्छ धातूवर. दुसऱ्या माणसाला तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि आकडा वाचा. ०.२ व्होल्टपर्यंत असेल तर अर्थ चांगला. ०.२ ते ०.५ च्या मध्ये असेल तर जोड साफ करण्याची वेळ झाली. ०.५ च्या वर असेल तर दोष नक्की आहे.

दोष असेल तर तो कुठे, हेही तोच मीटर सांगतो. काळी दांडी खांबावरच ठेवा. लाल दांडी एकेक पाऊल पुढे न्या: आधी क्लॅम्प, मग केबलचा लग, मग बोल्टजवळचा पत्रा, मग पट्ट्याचं एक टोक, दुसरं टोक आणि शेवटी इंजिन. प्रत्येक ठिकाणी एकदा सेल्फ, आणि दोन सेल्फच्या मध्ये स्टार्टरला थोडी विश्रांती. ज्या पावलावर आकडा एकदम उडी मारेल, त्याच पावलात दोष आहे. चांगल्या जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवेत.

यानंतर फ्यूज परत बसवा, इंजिन सुरू करा, हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावा, आणि मायनसचा खांब ते बॉडी एवढंच मोजा. इथेही ०.१ व्होल्टच्या आत हवं. मागच्या दिव्यांसाठी मीटरची दांडी पोहोचत नाही. तिला एक लांब वायर जोडा. मीटरमधून प्रवाह जवळजवळ जातच नाही, त्यामुळे ती बारीक असली तरी चालते. दिवा लावलेला असताना त्याच्या होल्डरचा अर्थ मोजा.

आता जोड. पहिला नियम: मायनसचा क्लॅम्प आधी काढायचा आणि सगळ्यात शेवटी लावायचा. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना चुकून बॉडीला लागला, तर पूर्ण शॉर्ट होतो आणि पाना लाल होईपर्यंत तापू शकतो. मायनस आधी काढला की ती वाटच बंद होते. एअरबॅगच्या गाड्यांत मायनस काढल्यावर काही मिनिटं थांबा, आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात लावू नका.

बॅटरीच्या खांबावर पांढरी-हिरवी पूड असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा. डोळ्यांवर चश्मा हवा, आणि ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. मग खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू चकाकेपर्यंत घासा.

बॉडीवरची जागा: बोल्ट काढा. लगच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त अशी गोल जागा पॉलिश पेपरने घासा, पांढरा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. लगची खालची बाजूही तशीच घासा. प्रवाह जायचा तो या दोन सपाट पृष्ठभागांमधून. बोल्टचं काम फक्त त्यांना घट्ट दाबून धरण्याचं. म्हणून लग थेट पत्र्यावर बसला पाहिजे. लग आणि पत्रा यांच्या मध्ये साधा वॉशर घालू नका. तो लगच्या वर, बोल्टच्या डोक्याखाली. कंपनीने दातेरी वॉशर दिला असेल तर तो होता तिथेच परत बसवा.

वायरीचं टोक सोलल्यावर तांबं काळं किंवा हिरवं दिसलं, तर लाल तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. कथिल चढवलेला तांब्याचा लग घ्या, वायरीच्या मापाचा. तो लगसाठीच्या क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबा. साध्या पकडीने चेपलेला लग ओढला की निघतो. डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, काम भागवायचा मोह टाळा. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीने तिथेच तुटते. वरून आत गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवा, म्हणजे वायरीत पाणी शिरणार नाही.

बोल्ट आवळताना जोर मापात हवा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला, ज्याला आपण १० नंबरचा पाना लावतो, साधारण दहा न्यूटन-मीटर पुरतात; आठ मिलिमीटरच्या बोल्टला वीस. गाडीच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच धरा. पत्र्यात स्वतःच आटे पाडणारा स्क्रू मोठ्या प्रवाहासाठी वापरू नका. तो सहा महिन्यांत सैल होतो. जोड कोरडा आवळून झाला की वरून आणि कडेने पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावा. पाणी बाहेर ठेवणं हे तिचं काम. उघडा राहिलेला पत्रा प्रायमरने झाका. आणि शेवटी तीच चाचणी पुन्हा करा. आधीचा आणि नंतरचा आकडा कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या वर्षी तुलना करता येते.

काही सावधगिरी. नव्या दिव्यासाठी किंवा ॲम्प्लिफायरसाठी अर्थ घेताना जाणारी वायर जितकी जाड, तितकीच परतीचीही घ्या. सीटबेल्ट, सीट, स्टिअरिंग, पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या यांचे बोल्ट अर्थसाठी कधीही वापरू नका. इंजिनाच्या कॉम्प्युटरचे आणि सेन्सरचे अर्थ ज्या बोल्टवर आहेत, तिथे जास्तीचा भार जोडू नका; सेन्सरचे आकडे चुकतात आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. नव्या गाड्यांत मायनसच्या क्लॅम्पवर एक छोटी डबी दिसते. तो बॅटरीचा सेन्सर. बाहेरची वायर त्याच्या आधी थेट खांबाला न जोडता बॉडीला जोडा, नाहीतर त्याचा हिशेब चुकतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतही बारा व्होल्टचा अर्थ असाच बॉडीवर असतो. त्यांतली नारिंगी केबल मात्र उच्च दाबाची, बॉडीपासून अलग ठेवलेली असते. तिला घरी हात लावायचा नाही.

दुसऱ्याच्या बॅटरीवरून गाडी सुरू करताना शेवटचा काळा चिमटा बंद बॅटरीच्या मायनसला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावतात. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते. ती ठिणगी दूर पडलेली बरी. त्याच वेळी एक गोष्ट लक्षात घ्या. चिमटा मायनसच्या खांबावर असताना गाडी कण्हते आणि इंजिनाला लावल्यावर झटकन सुरू होते, असं झालं तर दोष तुमच्या अर्थमध्येच आहे. बिनपैशाचं निदान.

महाराष्ट्रात बसून हे ऐकणाऱ्यांसाठी एक मुद्दा. दिल्ली-एनसीआरमध्ये डिझेल गाडीला दहा आणि पेट्रोल गाडीला पंधरा वर्षं ही मर्यादा राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांतून आली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे तिच्या अंमलबजावणीत बदल होत राहिले, पण त्या मर्यादेजवळ आलेल्या कितीतरी गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जातात. इंजिन चांगलं असतं, किंमत मोहात पाडणारी असते. अशी गाडी नागपूरला, नाशिकला किंवा बेळगावला घेणार असाल, तर गालिच्याची कड उचलून दाराच्या उंबऱ्याजवळचे अर्थचे बोल्ट पाहा. तिथे मातीची बारीक रेघ, लाल गंज किंवा हिरवा पडलेला लग दिसला, तर गाडी पाण्यात गेली असण्याची शक्यता धरा. धुऊन, पॉलिश करून, सुगंध मारून वरची निशाणी पुसता येते. गालिच्याखालचा बोल्ट सहसा कुणी पुसत नाही.

शेवटी, हे सगळं कधी करायचं? आपल्याकडे त्याचा दिवस आधीच ठरलेला आहे. खंडेनवमीला हत्यारं आणि अवजारं पुजतात, दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूची माळ घालतात. पाऊस नुकताच संपलेला असतो, थंडी अजून यायची असते. जोडात शिरलेलं पाणी शोधायला आणि जानेवारीच्या पहाटेची तयारी करायला याहून चांगला दिवस नाही. माळ घालण्याआधी बॉनेट उघडा, मीटर लावा, एक आकडा लिहून ठेवा. मग गाडीच्या मागे जाऊन उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. दोन्ही लाल दिवे सारखे आणि लख्ख दिसले पाहिजेत.